आप्पा, सही मी केली होती

आप्पा, कावळा लगेच शिवला. पिंड मांडून भटजी मागं सरकले न सरकले तोच समोरच्या बाभळीवरनं एक खाली आला आणि चोच मारून गेला. नदीवर जमलेली माणसं एकदम सैल झाली. कुणी तंबाखू काढली, कुणी चपला शोधायला लागलं. "सुभेदार समाधानी गेले," तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "मागं काय बी राह्यलं न्हाई त्यांचं."

मी मात्र तयारी करून आलो होतो. तुमच्यातली रीत मला लहानपणापासनं ठाऊक आहे. कावळा अडला की घरचे एकेकजण पुढं होतात आणि मोठ्यानं सांगतात, अमक्याचं शिक्षण करू, तमकीला अंतर देणार नाही. मला खात्री होती की तो अडणार, आणि माझ्यामुळंच अडणार. मग शिरूरच्या सायकल दुकानदाराचा हा पोरगा, रफीक, डोक्याला रुमाल बांधून सगळ्यांदेखत पुढं होणार आणि बोलणार. चार दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. त्या कावळ्यानं माझी पुरती पंचाईत केली.

तर आता इथं सांगतो. दौंडच्या दवाखान्यात, तुमच्या नाकात नळी होती तेव्हा, तुम्ही मला बोटानं जवळ बोलावलंत आणि विचारलंत, "त्या कागदावर सही न्हाई ना केलीस?" मी म्हणालो, "नाही आप्पा." तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. खोटं बोललो मी. सही केल्याला तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते.

कागद कसला हे तुम्हाला सांगायला नको. पण मला स्वतःलाच एकदा सरळ शब्दांत म्हणून बघायचंय, कारण आमच्या ऑफिसात ते सरळ शब्दांत कुणीच म्हणत नाही. सरहद्दीवरच्या चौकीवर बसवायचं एक यंत्र. ते कॅमेऱ्यातनं बघणार, समोर माणूस आहे की जनावर ते स्वतः ओळखणार, माणूस हत्यारबंद वाटला तर स्वतः गोळी झाडणार. बंदूक दुसरीकडं बनणार होती. यंत्राचा डोळा आणि त्याची अक्कल आमच्या पुण्यातल्या छोट्या कंपनीत. गोळी झाडायच्या आधी माणसाचा होकार हवा की नको, एवढंच त्या कागदात ठरवायचं होतं. आम्ही सहाजण होतो. मी 'नको' म्हणणाऱ्यांत सही केली.

आपली ओळखसुद्धा एका यंत्रावरनंच झाली, आठवतं? पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट असेल. शिरूरजवळच्या त्या कारखान्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा सुपरवायझर होतो आणि तुम्ही फौजेतनं रिटायर होऊन गेटवर सिक्युरिटीला लागला होता. पिळदार मिशा आणि चकचकीत बूट. शिफ्ट सुटली की रांग लागायची आणि तुम्ही नि तुमची माणसं डबे, पिशव्या तपासायचात. माझा डबा रोज उघडला जायचा. रोज! पुढच्या माळवदकरचा नाही, मागच्या गायकवाडचा नाही, बरोबर माझाच. ते दिवसच तसे होते, माझं नाव ऐकलं की माणसाची नजर जरा जास्त वेळ थांबायची. मी चिडलो आणि एक पेटी बनवली. साधी होती. जाणाऱ्यानं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर चालू पडायचं, लाल लागला तर तपासणी. कुणाला लाल लागणार हे बनवणाऱ्या मलासुद्धा ठाऊक नसायचं.

पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांना लाल लागला. रांगेतनं शिट्ट्या पडल्या. तुम्ही पुढं झालात, कडक सॅल्यूट ठोकलात आणि साहेबांची बॅग शेवटच्या कप्प्यापर्यंत तपासलीत. त्या दिवशी मला तुम्ही फार आवडलात.

आणि तीन-चार दिवसांनी कँटीनमध्ये चहाचा ग्लास घेऊन तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. "इंजिनेर, एक सांगायचंय. तुझा डबा मी दोनदा उघडायचो. बाकीच्यांचा एकदा, तेबी कवातरी."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

"का उघडायचो ते मला नीट सांगता यायचं न्हाई. तुझी पेटी लागली, आन् मला माझी लाज वाटली."

सुभेदारानं असं काही म्हणावं, तेही माझ्यासारख्या पोरसवदा सुपरवायझरला, याची मला सवय नव्हती. मला तुमचा हात धरावासा वाटला. पण मी पडलो वाद घालणारा. मी म्हणालो, "बघा, म्हणूनच म्हणतो, माणसापेक्षा यंत्र बरं. ते नाव विचारत नाही."

तुम्ही चहा संपवलात, मिशा पुसल्यात. "बरं हाय की. पन लाज मला वाटली रं, पेटीला न्हाई. पेटी उद्या बिघडली आन् रोज तुलाच लाल दावाय लागली, तर ती काय तुझ्याम्होरं असं येऊन बसंल व्हय?"

तिथनं जे भांडण सुरू झालं ते बारा वर्षं चाललं. गेटवर चाललं, एसटीत चाललं, माझ्या निकाहाच्या जेवणात चाललं, आणि शबानाची बदली झाल्यावर आम्ही दौंडला राहायला गेलो तेव्हा फोनवर चाललं. तुम्ही म्हणायचात, मी इरेला पेटलो की ऐकत नाही. तुम्ही काय कमी होता का?

सुरुंगाची गोष्ट तुम्ही मला कवठ्याला तुमच्या कांद्याच्या चाळीत सांगितलीत. तोवर तुम्ही गेटची नोकरी सोडून शेतावर परत आला होता. अक्का, तुमच्या कारभारीण, सडके कांदे बाजूला काढत होत्या, आपण दोघं चांगले भरत होतो. मी नुकताच पुण्याच्या कंपनीत लागलो होतो आणि मोठ्या रुबाबात तुम्हाला सांगत होतो की आता यंत्रं स्वतः बघून ठरवणार, त्याला कृत्रिम बुद्धी म्हणतात, जगात कुठं कुठं त्यावर काम चाललंय. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सोताहून ठरवनारं यंत्र म्या पेरलंया, इंजिनेर. हातानं पेरलंया."

तुम्ही जवान होता तेव्हाची ती गोष्ट. वाळवंटातली सरहद्द. सुरुंग ओळीनं पेरायचे, प्रत्येक ओळ नकाशात मांडायची, भोवती काटेरी तार, तारेला लाल पाट्या. लढाई संपली की नकाशा धरून मोजून काढायचे. तुम्ही म्हणालात, "आमी काडले. पन वाळू काय नकाशा बघून सरकती व्हय? दोन-चार कुठं गेले ते घावलंच न्हाईत." पुढं कधीतरी तारेच्या बाहेर, चांगल्या वाटेवर, तिथल्या एका मेंढपाळाचा पाय पडला. चौकशी झाली. नकाशा बरोबर निघाला, तार बरोबर, पाट्या बरोबर, हुकूमही बरोबर. कुणाचीच चूक निघाली नाही.

"त्याचा पाय गेला, आन् चूक कुनाचीच न्हाई," तुम्ही म्हणालात. "असं कसं असंल रं?"

तुमचे वडील मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. तुम्ही स्वतः दहा वर्षांचे होईपर्यंत मेंढरांमागच्या त्या फिरत्या वाड्यावर वाढलेले. त्या माणसाला दवाखान्यात बघायला तुम्ही गेलात, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्यानं विचारलं, किसका था? तुम्ही म्हणालात, मेरा था. तुमचाच होता की नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, कुणालाच कधी कळणार नव्हतं. "पन कुनाचा तरी असाया नको का?" अक्का कांदे निवडायच्या थांबल्या होत्या. मला वाटतं त्यांनीही ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकली.

तेव्हा मी काय म्हणालो? म्हणालो, "आप्पा, सुरुंग आंधळा असतो. आमच्या यंत्राला डोळे आहेत." आता आठवलं की कानशिलं तापतात माझी. पण तेव्हा मला तो बिनतोड मुद्दा वाटला होता.

मग डोळे दाखवायला मी कॅमेरा घेऊन आलो. कंपनीतल्या साहेबांना वेगवेगळ्या जागची चित्रं हवीच होती, यंत्राला शिकवायला. त्यात माणसं हवीत, जनावरं हवीत, उजाड रान हवं. मी म्हणालो, आमच्या कवठ्याला माळ आहे, मेंढरं आहेत, खर्च शून्य. सकाळच्या कोवळ्या उन्हात तुमच्या पुतण्याचा कळप माळावर सोडला. तिकाटण्यावर कॅमेरा, खाली चटईवर कॉम्प्युटर, जीपच्या बॅटरीवर चालवलेला. पडद्यावर मेंढरांभोवती पिवळे चौकोन उमटायला लागले. मेंढरू, मेंढरू, मेंढरू. कुत्र्यालासुद्धा त्यानं कुत्रा म्हणून ओळखलं. मी खुशीत होतो. अक्का चहा घेऊन आल्या तर त्यांच्याभोवती हिरवा चौकोन, म्हणजे माणूस, हत्यार नाही. अक्का लाजल्या.

मग तुम्ही माळाच्या वरच्या अंगानं आलात. काठी मानेमागनं दोन्ही खांद्यांवर आडवी टाकलेली, दोन्ही हात तिच्यावर लोंबते सोडलेले, अंगावर घोंगडी. मेंढरांमागं चालणारा तुमच्यातला प्रत्येक माणूस असाच चालतो. हातांना आराम मिळतो. ती चाल तुमची फौजेतही मोडली नव्हती. पडद्यावर तुमच्याभोवती लाल चौकोन उमटला. हत्यारबंद.

तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून ओळखलंत, खाली येऊन पडद्यावर वाकलात आणि विचारलंत, "मारलं व्हय मला?"

"आप्पा, अजून शिकतंय ते."

"मारलं का न्हाई, तेवढं सांग."

"मारलं," मी म्हणालो.

तुम्ही मोठ्यांदा हसलात. इतके हसलात की कळप बुजला. "अगं, ऐकलं का," तुम्ही अक्कांना हाक मारलीत, "कुकू पूस, इंजिनेरनं मला मारलं!" अक्कांनी तुम्हाला शिव्या घातल्या, मलाही घातल्या. मग तुमच्या काठीसकट पंचवीस-तीस चित्रं मी घेतली, यंत्राला शिकवली, आणि पुढच्या खेपेला येऊन अभिमानानं दाखवलं. आता हिरवा चौकोन. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मला वळखलं, झ्याक झालं. म्या तुझ्या वळखीचा हाय. ज्यांची तुझी वळख न्हाई त्यांचं काय? आन् उद्या बंदूकवाल्यानं खांद्यावर अशीच बंदूक आडवी टाकली, मंग?"

मी म्हणालो, त्यावर काम करू. दुसरं काय म्हणणार? एक भोक बुजवलं की दुसरं पडतं हे मला तोवर कळून चुकलं होतं, पण तुमच्यापुढं कबूल कोण करणार?

त्यानंतर ती आमची सहाजणांची समिती झाली. यंत्र वापरायचे नियम आधी आमच्याकडनं कच्चे लिहून हवे होते. आप्पा, नियम लिहिणं किती अवघड असतं हे मला त्या खोलीत समजलं. एकजण म्हणाला, माणूस डुलक्या घेतो, यंत्र घेत नाही. खरंच होतं. दुसरा म्हणाला, पलीकडच्यानं असलंच यंत्र लावलं तर आपला जवान होकार देईपर्यंत संपलेला असेल. तेही खोटं नव्हतं. तिसरा म्हणाला, जगात याला कुठंच कायदा नाही, सुरुंगांवरच्या बंदीला बऱ्याच मोठ्या देशांनी अजून सही केलेली नाही, मग आपणच कशाला पायात बेड्या घालून घ्यायच्या? साहेब म्हणाले, आपण अक्कल बनवतो, वापरणारे दुसरे, जबाबदारी त्यांची. आणि वापरणारे म्हणणार, आम्हाला जसं दिलं तसं वापरलं. मी काठीची गोष्ट सांगितली. सगळे हसले, चांगल्या मनानंच हसले. साहेब म्हणाले, "रफीक, तिथं बर्फात मेंढरं नसतात." तुमच्या सोपाननं मला सांगितलं होतं की असतात, उन्हाळ्यात तिकडचे मेंढपाळ, बकरवाले, वर येतात. ते मी बोललो नाही. तिथंच माझं घोडं पेंड खायला लागलं.

सोपानमुळंच, आप्पा. तुमचा नातू त्या वर्षी वरच्या चौकीवर होता, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. दिवाळीत आला तेव्हा त्याच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. त्याला मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाताना बघितलंय. मला वाटलं, उभं राहू दे ना ते यंत्र थंडीत, आमचा पोरगा आत उबेला बसेल. कुणाचा तरी जीव जाणारच असेल तर आपला नको. त्या कागदात एक मधली ओळही होती, मनाची समजूत घालायला बरी: यंत्र स्वतः निर्णय घेईल, पहारेकऱ्यास ते थांबवण्याची मुभा राहील. म्हणजे माणूस आहेच की, असं मी स्वतःला सांगितलं. आणि सही केली.

फोनवर तुम्ही विचारायचात तेव्हा मी म्हणायचो, अजून चाललंय. एकदा तर मी तुमच्यावर ओरडलो, "तुम्हाला सगळं माणसावर सोडायचंय, आणि माणसानं माझ्याशी काय केलंय ते तुम्हीच मला सांगितलंत! आणि सोपानचं काय? नातू तुमचा आहे ना?" तुम्ही म्हणालात, "म्हनून तर म्हंतो." आणि फोन ठेवलात. म्हणून तर म्हणतो, म्हणजे काय? दवाखान्यात ते विचारायचं होतं मला. त्याऐवजी तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोललो. तुम्हाला शांत वाटावं म्हणून बोललो, असं मी आठवडाभर स्वतःला पटवत होतो. ते खरं नाही. मला तुमची भीती वाटली. नळ्या लावलेल्या, हात उचलता न येणाऱ्या माणसाची भीती वाटली.

माझ्यापुढं येऊन "तुझा डबा मी दोनदा उघडायचो" म्हणायला तुम्हाला कुणी लावलं नव्हतं. तुमच्या जागी मी असतो तर मूग गिळून बसलो असतो, आणि बसलोच.

दहाव्याचं जेवण उरकल्यावर सोपान आणि मी चाळीच्या सावलीत बसलो. त्याचं मुंडण केलेलं डोकं बघवत नव्हतं. तिथं मी त्याला सांगितलं. कावळ्यापुढं बोलायचं ते नातवापुढं बोललो. सही केली ते, खोटं बोललो ते, आणि कुणासाठी केलं तेही. मला वाटलं, तो निदान एवढं तरी म्हणेल की चाचा, तुम्ही माझ्यासाठी केलंत.

तो म्हणाला, "त्यात लिवलंय काय, नीट सांगा." मी ती ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली.

"थांबवायला येळ किती?"

"दोन-तीन सेकंद."

"चाचा, वर आमाला हातमोजा काडायला त्याच्यापेक्षा जादा येळ लागतो."

तो माझ्याकडं वळला.

"आन् न्हाई थांबवलं तर? रिपोर्टला काय लिवनार?"

मला उत्तर ठाऊक होतं, आप्पा. तो मसुदा मीच टाइप केला होता. पहारेकऱ्यानं थांबवलं नाही, म्हणजे त्याची संमती धरली जाईल. मी ते त्याला सांगितलं. माझ्या तोंडून ते शब्द बाहेर पडले तसे मला ते पहिल्यांदा ऐकू आले.

"म्हंजी गोळी यंत्र झाडनार," सोपान म्हणाला, "आन् मारलं कुनी तर सोपाननं. एखाद्या बकरवाल्याला लागली तर खापर माझ्या डोक्यावर." त्याचा आवाज चढला नाही. तुमचाच नातू तो. "आजोबा मला फोनवर हेच म्हनायचे. म्हनायचे, रफीकला समजंल, हुशार हाय, पन त्याला येळ लागतो." मग उठून तो गुरांना पाणी दाखवायला गेला.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्याला वाचवायचं म्हणून मी सही केली, त्यालाच मी नेऊन त्या यंत्रापुढं बसवलं होतं, थांबवायला वेळ न देता. सुरुंगाच्या चौकशीत कुणाचीच चूक निघाली नव्हती. आम्ही त्याच्या पुढं गेलो होतो. चूक कुणाची काढायची ते आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि ते माणूस होतं तुमच्या घरातलं. म्हणून तर म्हणतो, असं तुम्ही म्हणालात त्याचा अर्थ मला तुमच्या दहाव्याला कळला. इतका उशीर लावणाऱ्याला हुशार म्हणणं हा तुमचा मोठेपणा.

सोमवारी सकाळच्या दौंड-पुणे गाडीत मी कागद लिहिला. गुडघ्यावर वही ठेवून, हातानं, मराठीत. इंग्रजी नंतर केलं. साहेबांनी वाचून चष्मा काढला. सही मागं घेता येत नाही, फाइल वर गेलीय, म्हणाले. मी म्हणालो, मग हा कागद तिच्यामागं लावा. त्यात लिहिलंय की माणसानं आधी हो म्हटल्याशिवाय यंत्रानं गोळी झाडू नये. त्या माणसाला बघायला आणि ठरवायला पुरेसा वेळ असावा. पुढच्या फळीतल्या शिपायाला ढाल करून आपण मागं लपू नये. ओळखण्यात चूक झाली तर ओळखायला शिकवणाऱ्याचं नाव पहिलं यावं. आणि खाली माझं नाव, पूर्ण.

"एका कागदानं काय होणार आहे, रफीक?" साहेब म्हणाले. वाईट माणूस नाही तो. "आणि तुझ्या या होकारापायी उशीर होऊन आपला एखादा जवान गेला तर? ते कुणाच्या नावावर?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुमच्याकडं तरी होतं का, आप्पा? मला नाही वाटत. सोपान त्या चौकीवर परत जाणार आहे, आणि त्याला काही झालं तर मी अक्कांना तोंड दाखवू शकणार नाही. मी म्हणालो, "तेही माझ्याच नावावर लिहा." हे बोलायला सोपं आहे हे मला कळतं. पण दुसरं काही सुचलं नाही, आणि गप्प बसायचं नव्हतं. त्यांनी कागद फाइलला लावला. दुसऱ्या दिवशी मला त्या कामावरनं काढून विजेच्या मीटरच्या विभागात टाकलं. शबाना म्हणाली, मीटर तर मीटर. फाइलचं पुढं काय होणार ते मला कुणी सांगणार नाही आता.

तुमचे उपकार कसले मोजू? माझ्यापुढं चुकीची कबुली देणारा तुम्ही पहिला माणूस होता, वयानं थोर, हुद्द्यानं थोर. तुम्ही माझ्याशी बारा वर्षं भांडलात ते मला आपला समजून. परक्याशी कोण इतकं भांडतं? फोन वाजला की अजून वाटतं, आता तिकडनं आवाज येईल, "काय इंजिनेर, शिकलं का यंत्र?" आणि मग आठवतं, आणि मग फार एकटं वाटतं.

आज कवठ्याला येऊन अक्कांना सगळं सांगितलं. सोपानला सांगितलं तसंच, काही न वगळता. त्या अंगणात लसूण निवडत होत्या. दवाखान्यातल्या त्या प्रश्नाच्या वेळी त्या तुमच्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या, माझं "नाही आप्पा" त्यांनी ऐकलं होतं. कंपनीतला कागद, सोमवारचं बोलणं, मीटरचा विभाग, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं, शेवटी निस्तरलंस ना.

अक्का हातातली पाकळी सोलायची थांबल्या. म्हणाल्या, "म्हंजी जाताना त्यांनी खोटंच नेलं की रं संगं."

मी हो म्हणालो, आप्पा.